गावपळण, मुक्काम लायडन

"काय गो, कौल झालो?"

बाबा रोज सकाळी हाच प्रश्न विचारायचे. हॉलंडमध्ये, लायडनमधल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीशी, स्वेटरवर स्वेटर चढवून, खालच्या कालव्याकडे बघत. मी डबे भरत असायची, नवरा सायन्स पार्कमधल्या प्रयोगशाळेत जायच्या गडबडीत सायकलची किल्ली शोधत असायचा, आणि बाबांना कौल हवा असायचा. "नाही झाला अजून," मी म्हणायची. "बरां," म्हणून ते चहाचा घोट घ्यायचे. चहा संपायच्या आत पुन्हा, "काय गो, कौल झालो?"

सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे पुढे मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायला लागले. खोटं कशाला बोलू, एकदा मी कप सिंकमध्ये आपटला आणि ओरडले, "नाही झाला! होणारही नाही! कुठला देव येतोय इथं कौल द्यायला?" बाबा घाबरले वगैरे नाहीत. आयुष्यभर मास्तरकी केलेला माणूस. चुकलेलं शुद्धलेखन बघावं तसं माझ्याकडे बघून म्हणाले, "देवाक असां बोलू नये." आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

गावपळण म्हणजे काय, हे घाटावरच्यांना सांगावं लागतं. आमच्या सिंधुदुर्गातल्या काही गावांत तीन-चार वर्षांनी एकदा ग्रामदेवतेचा हुकूम होतो आणि अख्खं गाव घरंदारं बंद करून वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, बाळंतीण, अंथरुणाला खिळलेला म्हातारा, सगळे. मागे कुणीही राहायचं नाही. ओढ्यापलीकडे माळावर झावळांच्या झोपड्या बांधायच्या आणि तीन दिवस, तीन रात्री तिथं काढायच्या. गाव तेवढे दिवस देवाचं. मग देवाला कौल लावायचा. म्हणजे पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवून विचारायचं, आता येऊ का परत? उजवी पडली तर या, डावी पडली तर थांबा. कौल झाला की सगळे एकदम आत. कुणी एकटादुकटा आधी घुसायचा नाही आणि कुणाला बाहेर सोडून यायचं नाही.

लहानपणी आम्हाला त्यात निव्वळ धमाल वाटायची. शाळा नाही, अभ्यास नाही, रात्रभर भजनं, बायकांच्या फुगड्या. बाबा गाऱ्हाणं घालायचे. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीनं मांडलेली विनवणी. एकानं म्हणायचं आणि प्रत्येक वाक्याला सगळ्या गावानं एका सुरात होकार भरायचा, "व्हय म्हाराजा!" होकार आल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. बाबांचा आवाज असा की पलीकडच्या वाडीतले लोकही होकार देतील.

तर ते बाबा आता लायडनमध्ये होते आणि त्यांच्या डोक्यात गावपळण चालू होती. आई गेल्यावर ते गावच्या घरात एकटेच राहिले. मी एकुलती एक. आधी नावं विसरायला लागले, मग वार, मग चुलीवर ठेवलेलं भांडं. शेवटी एका भर दुपारी खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभे सापडले. शेजारच्या काकी फोनवर म्हणाल्या, "बाय, आता माझ्यान होणां नाय." मी गेले, घराला कुलूप घातलं आणि त्यांना घेऊन आले. व्हिसा पाहुण्याचा, तीन महिन्यांचा. त्यापुढे आईबापांना इथं ठेवता येत नाही. मी वकिलाला विचारलं, हाउसआर्ट्सला, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरला विचारलं, खेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, खिडकीवरच्या बाईला विचारलं. सगळे अतिशय सभ्यपणे नाही म्हणाले. त्या सभ्यपणानं जीव जातो माणसाचा.

बरं, मी पोट कशावर भरत होते? तर रास्ताफारी कवितेतली पवित्र स्थळं आणि मायभूमीची कल्पना. या विषयावर पीएचडी. पुण्याची मावशी विचारते, "ते जटा वाढवून गांजा ओढणारे? त्यांच्यावर डॉक्टर होणार तू? कप्पाळ!" मी तिला किती वेळा समजावलं. जमैकात उभा राहिलेला पंथ आहे गं तो. ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणले, त्यांच्या नातवंडा-पतवंडांचा. जिथं आणून टाकलं, जिथं राबवलं, तो मुलूख म्हणजे बॅबिलॉन. जिथून ओढून आणलं आणि जिथं एक दिवस परत जायचंय, ते झायन. कुणासाठी ते इथिओपिया, कुणासाठी सबंध आफ्रिका. आणि परत जाईपर्यंत काय? तर जिथं आहोत तिथलाच एखादा डोंगर, नदीचं एखादं वळण, नाळ पुरलेलं झाड, ढोल घेऊन जमायचं अंगण, हेच पवित्र. त्यांच्याकडेही बाळाची नाळ झाडाखाली पुरतात, हे ऐकल्यावर मावशी पहिल्यांदा गप्प बसली.

माझ्या प्रबंधाचा मुख्य आधार होता रॉटरडॅमचा एक म्हातारा कवी. जन्म पारामारिबोचा, म्हणजे सुरिनामचा. लहानपणी आईचं बोट धरून इथं आला, पुढे आयुष्यभर ट्राम चालवली आणि उरलेल्या वेळात कविता लिहिल्या. कमरेपर्यंत जटा, त्या विणलेल्या टोपीत कोंबलेल्या. दारू नाही, मांस नाही, जेवणात मीठसुद्धा नाही. मला 'सिस्टर' म्हणतो. पन्नाशीत तो सगळं विकून इथिओपियाला गेला होता. आयुष्यभर कवितेत जिची पूजा केली त्या भूमीवर राहिला आणि काही वर्षांनी परत आला. का आलास, असं मी मुलाखतीत विचारलं होतं. तो म्हणाला, "आई रॉटरडॅमला होती. तिला बॅबिलॉनमध्ये सोडून मी एकटाच आत शिरलो होतो. तिथली पोरं मला परदेशी म्हणायची, त्याचं काही वाटलं नाही. पण एकट्यानं जाणं म्हणजे परतणं नव्हे, सिस्टर. तो नुसता प्रवास."

मी हे वाक्य उतरवून घेतलं, त्यावर वीस पानं लिहिली, परतण्याची सामूहिकता वगैरे. मार्गदर्शक बाई खूश झाल्या. आणि माझ्याच घरात खिडकीशी बसलेला माणूस काय म्हणतोय ते मला कळत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

व्हिसा संपत आला तशी माझी झोप उडाली. पुण्याच्या बाहेर, सिंहगडाच्या बाजूला, एका वृद्धाश्रमात मी जागा ठरवली होती. स्वच्छ आहे, डॉक्टर येतात, बाग आहे. बाग आहे, हे मी सगळ्यांना सांगत सुटले होते, जणू बाबांना बागेसाठीच ठेवतेय. नोकरी सोडून तूच का जात नाहीस, असं विचारणारेही भेटले. ते सगळे आपापल्या घरी सोफ्यावर बसून विचारतात. माझा करार संपायला वर्ष उरलेलं, प्रबंध अर्धा, नवऱ्याचं सगळं काम इथल्या प्रयोगशाळेत. सोडलं असतं तर सुटलं असतं. नाही सोडलं. दिवसातून दहादा सोडत होते आणि दहादा धरत होते.

आणि बाबा जागचे हलायला तयार नव्हते. कौल झाल्याशिवाय झोपडी सोडायची नाही, हे त्यांच्यात इतकं भिनलेलं की बाकी सगळं पुसलं गेलं तरी ते राहिलं. बूट घालू म्हटलं की पाय आखडून घ्यायचे. तालीम म्हणून आम्ही त्यांना एकदा स्टेशनपर्यंत न्यायचा प्रयत्न केला. जिन्यातच बसले. नवरा म्हणजे आपला जावई, हे ते केव्हाच विसरलेले; त्यानं हात धरला तर त्याला ढकललं, आणि एवढा शांत माणूस कळवळून ओरडला, "कौल नाय! कौल नाय!" खालच्या मजल्यावरची डच आजी दार उघडून बघायला लागली. मी जिन्यात त्यांच्या शेजारी बसले. विमानात कसं बसवणार या माणसाला? गुंगीचं औषध देऊन? आणि नाही बसवलं तर काय, पोलीस येणार?

मग मला एक अफलातून युक्ती सुचली. निदान तेव्हा अफलातून वाटली. मी कवीला फोन केला. बाबांचं सगळं सांगितलं, गावपळण सांगितली. म्हटलं, तुझ्या जटा आहेत, ढोल आहे, आमच्याकडे देवाची माणसं अशीच दिसतात. तू ये, हात वर कर आणि म्हण, कौल झाला, घरी जा. मी भाषांतर करीन. एवढं कर माझ्यासाठी.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कुठल्या घरी जा म्हणू?"

"आश्रमात. पण त्यांना कळणार नाही रे."

"मला कळेल ना. सिस्टर, आयुष्यभर मी एकच शब्द जपला, परत. तो मी खोटा करू? एका बॅबिलॉनमधून दुसऱ्या बॅबिलॉनमध्ये चाललेल्या माणसाला सांगू की हेच झायन?"

मी चिडले. अशी चिडले की इंग्रजी सोडून मराठीत सुरू झाले. म्हटलं, तुला काय जातंय कविता करायला! सगळं आयुष्य झायन झायन करत रॉटरडॅमच्या फ्लॅटमध्ये काढलंस, आणि माझ्या बापाला एक वाक्य द्यायला तुझी जीभ झिजते? त्याला अर्थातच शब्द कळला नाही, पण सूर कळला. मी दमले तेव्हा तो म्हणाला, "रविवारी येतो. खोटं बोलणार नाही. पण येतो."

रविवारी दुपारी तो आला. काखेत छोटा ढोल, पिशवीत स्वतः उकडलेली रताळी. दारात त्यानं टोपी काढली आणि जटा खाली सुटल्या. बाबा खुर्चीतून उठले. इतके दिवस धरून धरून उठवावं लागणारा माणूस आपण होऊन उभा राहिला, स्वेटर सारखा केला, हात जोडले.

"इलास म्हाराजा?" बाबा म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, "बघतस काय? नारळ हाड."

नशीब, घरात नारळ होता, चटणीसाठी आणलेला. बाबांनी तो कवीच्या पुढ्यात ठेवला. कवी जमिनीवर मांडी घालून बसला, ढोल मांडीवर. त्यानं मला डोळ्यांनी विचारलं, काय करू? मी खांदे उडवले. मला तरी काय ठाऊक!

बाबांनी घसा खाकरला. "बा देवा म्हाराजा, बारा पाचाच्या म्हाराजा!"

आणि थांबले. होकाराची वाट बघत. माझ्या तोंडून कधी गेलं कळलंच नाही, "व्हय म्हाराजा!" कवीनं ढोलावर हलकी थाप दिली. त्याच्याकडेही असंच असतं, एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं. त्याला सांगावं लागलं नाही.

"आज तीन राती गाव वेशीभायर गेलो म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" थाप.

"गुरां, कोंबडी, कुत्री, कोण मागे रवलां नाय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" थाप. बाबांचा आवाज चढत होता. तोच आवाज, माळावरचा. मला एवढं बरं वाटत होतं की रडू येईल की काय. म्हटलं, होतंय, जमतंय. आता विचारतील घरी जाऊ का, आणि मीच म्हणून टाकीन होय.

"कौल झालो, सगळी घराक परतली म्हाराजा. एक माझां चेडू तेवढां भायर रवलां."

चेडू म्हणजे मुलगी. म्हणजे मी. बाबा थांबले नाहीत, यावेळी होकाराशिवायच पुढे गेले.

"तेका कौल गावलो नाय म्हाराजा. म्हणान मी हय तेच्या वांगडा बसलंय. एकट्या पोरीक वेशीभायर टाकून मी घराक कसो जाव? तेचां काय चुकलां असात तर पदरात घे. तेची वाट मोकळी कर आणि तेका घराक हाड म्हाराजा!"

आता ते थांबले. माझ्याकडे बघत. कवीही बघत होता. मला "व्हय म्हाराजा" म्हणायचं होतं, एवढंच. दोन शब्द. ते म्हटले की मला घरी आणा म्हणून मीच मागितल्यासारखं होणार, देवासमोर, बापासमोर. आणि मी तर येणार नव्हते. तीन महिने मी या माणसाला त्याच्या घरापासून लांब ठेवलं म्हणून स्वतःला खात होते. आणि हा रोज सकाळी विचारत होता तो माझा कौल! स्वतः सुटायला नाही, मला सोबत म्हणून बसला होता खिडकीशी, थंडीत कुडकुडत.

"काय म्हणतोय तो?" कवीनं विचारलं.

मी सांगितलं. कसंबसं, तुकड्या-तुकड्यात. त्यानं ढोल बाजूला ठेवला. जटा मागे सारल्या आणि बाबांच्या समोर सरकून बसला.

"त्याला सांग, वेशीबाहेर मी आहे. माझी आई इथल्या मातीत आहे, मी आता कुठंही जाणार नाही. तुझी मुलगी एकटी नसेल. तू पुढे हो."

"हे खरं आहे?" मी वेड्यासारखं विचारलं.

"खोटं बोलणार नाही म्हटलं होतं ना."

मी ते मालवणीत सांगितलं. कित्येक वर्षांत जी बोलले नव्हते त्या भाषेत, अडखळत. बाबांनी कवीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. जावई बघायला आलेल्या सासऱ्यासारखं. मग विचारलं, "हिच्या जेवणाखाणाचां बघशात?"

मी भाषांतर केलं. कवी म्हणाला, "बघेन. पण मी मीठ घालत नाही, चालेल का विचार."

बाबांनी क्षणभर विचार केला. "मीठ नाय? देवाचो माणूस. चालतला." आणि खाली वाकून पायांशी चाचपडत म्हणाले, "माझे बूट खंय हत?"

शिपोलच्या विमानतळावर त्यांनी एकदाही हट्ट केला नाही. माझा हात धरून चालत होते. अधूनमधून मागे वळून बघायचे, आणि मग स्वतःशीच मान हलवायचे. मी त्यांना पोचवून, आश्रमात आठ दिवस काढून परत आले. निघताना त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही कुठं चाललीस. त्यांना माहीत होतं. मी बाहेरची होते.

कवीनं शब्द पाळला. दर रविवारी फोन करतो, "जेवलीस का?" कधी ट्रेननं येऊन अळणी भाजीचा डबा ठेवून जातो. मी ती भाजी गुपचूप मीठ घालून खाते. प्रबंधातलं मायभूमीवरचं प्रकरण काही पुरं होत नाही. लिहायला बसते आणि लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहते.

परवा आश्रमातून व्हिडिओ कॉल आला. तिथली संध्याकाळ म्हणजे इथली दुपार. मी विद्यापीठाच्या जिन्यात जाऊन बसले. तिथल्या ताई म्हणाल्या, "अहो, तुमच्या बाबांनी आमच्याकडे नवीनच सुरू केलंय बघा. प्रार्थनेनंतर सगळे थांबतात त्यासाठी." आणि त्यांनी फोन हॉलकडे वळवला. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सगळे म्हातारे-म्हाताऱ्या बसलेले. मध्ये बाबा उभे, हात जोडून.

"ह्या बायचो झील भायर रवलो म्हाराजा!" वॉकर धरून बसलेल्या एका आजींकडे हात करून बाबा म्हणाले. झील म्हणजे मुलगा.

"व्हय म्हाराजा!" सगळा हॉल म्हणाला. पेठेतले, कोथरूडचे, आयुष्यात मालवणी न ऐकलेले लोक. आजींनी पदर डोळ्याला लावला.

"ह्या सायबाची दोन्ही पोरां भायर रवली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

खुर्चीमागून खुर्ची असं चाललं होतं. ताई हळूच म्हणाल्या, "त्यांचा मुलगा कॅनडाला, ह्यांच्या दोघी अमेरिकेत." कुणी रडत होतं, कुणी नुसतं मान खाली घालून बसलं होतं, पण होकार सगळे देत होते, पोटातून. मग बाबांनी फोनकडे बघितलं. मी दिसले की नाही कोण जाणे.

"आणि माझां चेडू भायर रवलां म्हाराजा. तेका घराक हाड म्हाराजा!"

या वेळी हॉल काही बोलला नाही. सगळे फोनकडे वळले. ताईंनी तो माझ्या तोंडासमोर धरावा तसा पुढे केला. मी द्यायचा होता तो होकार. बाबा हात जोडून थांबले होते, आणि त्यांच्या मागे ती सगळी माणसं.

मी आधी फोनवर माझा माइक बंद केला. आणि मग म्हटलं, "व्हय म्हाराजा."